फळाचं नाव, साखरेचं काम

आइस्क्रीमच्या दुकानात चॉकलेट मागवणारा माणूस स्वतःची समजूत घालत बसत नाही. आपण चैन करतोय, हे त्याला ठाऊक असतं. सीताफळ, चिकू, फणस किंवा शहाळं मागवणाऱ्याच्या मनात मात्र एक सवलत आपोआप लागू झालेली असते: शेवटी फळच तर आहे! मुलांना दुसरा स्कूप मिळतो तो याच सवलतीत, आणि एरवी साखर मोजणारे आजोबाही ‘आंब्याचं असेल तर थोडं द्या’ म्हणतात. मुंबईत ही सवय रुजण्यामागे मोठा वाटा आहे तो रघुनंदन कामत यांचा. मंगळूरकडच्या एका फळविक्रेत्याचा हा मुलगा. 1984 साली त्यांनी जुहूला ‘नॅचरल्स’ सुरू केलं आणि इसेन्स व रंगाऐवजी खऱ्या फळाचा गर घातलेलं आइस्क्रीम लोकांना चाखवलं. चवीच्या दृष्टीने ही मोठीच सुधारणा होती, त्याबद्दल वाद नाही. प्रश्न पोषणाचा आहे. गोठवलेल्या पदार्थात फळ घातलं की तो पदार्थ कितपत फळ होतो? याचं उत्तर फळाच्या नावावरून मिळत नाही. त्यात साखर किती आहे आणि मुळात कशासाठी आहे, हे पाहिल्यावरच ते मिळतं.

साखर गोडीसाठी घालतात हे अर्धंच खरं. नुसतं पाणी शून्य अंशाला गोठून कडक बर्फ होतं. त्यात साखर विरघळवली की गोठणबिंदू खाली जातो. मिश्रण थंड होऊ लागलं की पाण्याचे स्फटिक तयार होतात, पण त्या स्फटिकांत साखरेला जागा नसते. ती उरलेल्या पाण्यात राहते आणि तो पाक अधिकाधिक दाट होत जातो. जितका दाट तितका गोठायला अवघड. त्यामुळे उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्येही आइस्क्रीममधलं सगळं पाणी गोठलेलं नसतं, काही भाग दाट पाकाच्या रूपात स्फटिकांच्या मधे राहतो. चमचा सहज शिरतो तो या न गोठलेल्या पाकामुळे. साखर कमी केली की बर्फ वाढतो, पदार्थ टणक होतो आणि जिभेवर कचकच लागते. म्हणजे कारखानदाराने उद्या ठरवलं की लोकांच्या आरोग्यासाठी साखर निम्मी करायची, तर आधी त्याला मऊपणाचा बंदोबस्त दुसरीकडून करावा लागेल. आइस्क्रीममध्ये साखर हा बांधकामाचा माल आहे, ती चिमूटभर कमी-जास्त करण्याजोगी चव नाही.

त्यात भर जिभेची. गारव्यात गोडी कळत नाही. जिभेवरच्या स्वादपेशींत गोड चवीचा निरोप पुढे पाठवणारी एक प्रथिनाची वाट असते आणि ती तापमानावर चालते. पदार्थ गार असला की निरोप क्षीण होतो. 2005 साली हे शास्त्रज्ञांनी पेशींच्या पातळीवर दाखवून दिलं, पण त्याचा पुरावा कुणाच्याही वाटीत मिळतो. तळाशी वितळून राहिलेलं आइस्क्रीम चमच्याने पिऊन पाहा, ते नकोसं गोड लागतं. मघाशी गोठलेलं असताना तेवढीच साखर ‘बेताची’ वाटली होती. त्यामुळे ‘हे फार गोड नाही, म्हणजे साखर कमी असेल’ हा अंदाज गोठवलेल्या पदार्थाच्या बाबतीत हमखास चुकतो.

आता फळ. फळ म्हणजे बहुतांशी पाणी, आणि इथेच उष्ण कटिबंधातल्या फळांमध्ये दोन तट पडतात. कलिंगडात सुमारे 91 टक्के पाणी, पपईत 88, अननसात 86, आंब्यात 83 टक्क्यांच्या आसपास. दुसरीकडे चिकूत 78, केळ्यात 75, सीताफळात आणि फणसाच्या गऱ्यात साधारण 73 टक्के. आकड्यांतला फरक किरकोळ वाटतो, पण कलिंगडात 9 टक्केच घनभाग आहे आणि सीताफळात 27, म्हणजे तिप्पट. पहिल्या तटातली फळं नुसती गोठवली तर बर्फाची ढेप होते; ती मऊ राहावीत म्हणून बाहेरून साखर लागतेच. दुसऱ्या तटातल्या फळांपाशी स्वतःची साखर, तंतू, पेक्टिन आणि गर यांचं एवढं भांडवल असतं की त्यांना उसनवारी फारशी करावी लागत नाही. केळ्याच्या चकत्या गोठवून मिक्सरमधून काढल्या की दूध-साखरेचा थेंब-दाणा न घालता मऊ, जवळजवळ आइस्क्रीमसारखा लगदा मिळतो, तो याच कारणाने. गोठवून खाण्यासाठी गरयुक्त फळं निसर्गतः अधिक लायक आहेत. बाजारात मात्र दोन्ही तटांना जवळपास एकाच साच्याच्या मिश्रणात बसवलं जातं: दूध, साय, दूध पावडर, साखर आणि वर फळ.

फळ किती? आंब्याचा हिशेब करून पाहू. समजा, 100 ग्रॅम आइस्क्रीममध्ये 20 ग्रॅम आमरस आहे. हे प्रमाण मी उदाहरणापुरतं आणि बऱ्यापैकी उदारपणे धरतो आहे. 100 ग्रॅम आंब्यात सुमारे 36 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व, दीड ग्रॅमच्या थोडा वर तंतू आणि 14 ग्रॅमच्या आसपास नैसर्गिक साखर असते. तेव्हा 20 ग्रॅम रसातून मिळालं काय? 7 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व, एक तृतीयांश ग्रॅम तंतू आणि पावणेतीन ग्रॅम साखर. प्रौढ माणसाची क जीवनसत्त्वाची रोजची गरज भारतीय शिफारशींनुसार 65 ते 80 मिलिग्रॅम आहे. उलट त्याच 100 ग्रॅममध्ये बाहेरून घातलेली साखर 14-15 ग्रॅम सहज असते. दीडशे ग्रॅम गर निघणारा एक आंबा कापून खाल्ला तर 54 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि 90 कॅलरी. आंब्याच्या आइस्क्रीमची तेवढ्याच वजनाची वाटी तीनशे कॅलरींच्या घरात जाते आणि क जीवनसत्त्व देते जेमतेम 11 मिलिग्रॅम. वाटीत आंब्याच्या फोडी दिसतात म्हणून हिशेब फारसा बदलत नाही. पाच-सहा बारीक तुकडे मिळून दहा-पंधरा ग्रॅमच भरतात.

मग फळ जास्त का घालत नाहीत? कंजूषपणा हे सोपं उत्तर झालं, आणि ते पुरतं खरंही नाही. सीताफळाचंच बघा. बीडच्या बालाघाट डोंगररांगांतलं किंवा सासवडकडचं फळ बाजारात येतं ते मुख्यतः पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून दिवाळीच्या आगेमागे. पिकलं की दोन-तीन दिवसांत मऊ पडून फुटतं. प्रत्येक पाकळीतली बी गर न चेंदता वेगळी काढायची, आणि बी चिरडली जाऊ द्यायची नाही, कारण ती विषारी आहे. यंत्रं आली, पण पाकळ्या अखंड हव्या असतील तर हाताशिवाय पर्याय नाही. गर हवेत काळवंडतो. आंब्याच्या रसासारखा तापवून डब्यात भरावा, तर सीताफळाचा गर तापवल्यावर कडवट होतो. म्हणून तर सीताफळ बासुंदी करणाऱ्या घरांत दूध आटवून पूर्ण गार झाल्याशिवाय गर घालत नाहीत. राहता राहिला गोठवण्याचा मार्ग, म्हणजे हंगामात गर काढून ताबडतोब अतिथंड करायचा आणि वर्षभर शीतगृहाचं भाडं भरत बसायचं. या सगळ्या खटाटोपापुढे साखर कवडीमोल आहे. तिला हंगाम नाही, बी नाही, ती काळी पडत नाही. वाटीत सीताफळाची जागा साखरेने घेणं हा अर्थशास्त्राचा सरळ परिणाम आहे. त्यामुळे ज्या दुकानात पाकळ्या खरोखर दाताखाली येतात, तिथे चार पैसे जास्त द्यावे लागले तर ते वाजवी समजावेत.

फळाची पोषकद्रव्यं गोठवल्याने मरतात, असा एक समज आहे, तो मात्र चुकीचा. क जीवनसत्त्वाला जाच होतो तो उष्णतेचा आणि हवेचा. झटपट गोठवलेल्या गरात ते बरंचसं टिकतं, अनेकदा चार दिवस टोपलीत पडून राहिलेल्या फळापेक्षा चांगलं. तंतू, पोटॅशियम यांना थंडीने काही होत नाही. उलट आंब्याच्या बाबतीत आइस्क्रीमच्या बाजूने एक गोष्ट बोलली पाहिजे. आंब्याचा केशरी रंग ज्या बीटा कॅरोटीनचा, त्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं आणि ते आतड्यातून शोषलं जायला स्निग्धांश लागतो. दुधाच्या सायीबरोबर पोटात गेलेला आंबा या बाबतीत नुसत्या आंब्यापेक्षा उजवा ठरतो. आमरसावर तूप घालणाऱ्यांनी हे न शिकताच केलं होतं. अननसाची गोष्ट उलटी आहे. कच्च्या अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर असतं, ते दुधातल्या प्रथिनांचे तुकडे करतं आणि दूध काही वेळातच कडू लागू लागतं. म्हणून अननसाचं आइस्क्रीम करताना फोडी आधी पाकात शिजवून घेतात. विकर निकामी होतं, दूध वाचतं, पण उष्णतेत क जीवनसत्त्वाचा काही भाग जातो आणि पाकाची साखर वाढते ती वेगळीच.

फळाच्या आइस्क्रीममध्ये पोषण नाहीच का, तर आहे, पण ते दुधाचं आहे. 100 ग्रॅममागे साडेतीन ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि शंभर मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम हा दुधाचा वाटा. नाव सीताफळाचं असो की व्हॅनिलाचं. ज्या मुलाला दूध नको असतं त्याच्या पोटात या वाटेने थोडं दूध जातं, हे आईबापांचं म्हणणं अगदीच पोकळ नाही. इथे कायद्याचं एक कलम उपयोगी पडतं. एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनुसार साध्या आइस्क्रीममध्ये दुधाचा स्निग्धांश किमान 10 टक्के हवा. दुधाच्या चरबीऐवजी वनस्पती तेल वापरलं तर तो पदार्थ ‘फ्रोजन डेझर्ट’ म्हणून विकावा लागतो. 2017 मध्ये यावरून अमूल आणि हिंदुस्थान युनिलिव्हर मुंबई उच्च न्यायालयात आमनेसामने आले. फ्रोजन डेझर्टमध्ये वनस्पती तूप असतं, असं सुचवणारी अमूलची जाहिरात न्यायालयाने थांबवली. तेल आणि वनस्पती तूप एक नव्हे, हा मुद्दा रास्तच होता. पण या भांडणाने ग्राहकाची नजर चरबीवर खिळली आणि साखर बाजूला राहिली. दोन्ही बाजूंच्या आंब्याच्या कपात ती जवळपास सारखीच असते.

आणखी एक घटक आहे ज्याबद्दल कुणी भांडत नाही: हवा. आइस्क्रीम घोटताना त्यात हवा मिसळते आणि ते हलकं होतं. नियम एवढाच की एक लिटरचं वजन किमान 525 ग्रॅम भरावं. म्हणजे लिटरच्या डब्यात जवळजवळ अर्धी हवा कायद्याला चालते. डबा विकला जातो मिलिलिटरमध्ये, मागचा पोषणतक्ता बहुधा 100 ग्रॅमचा असतो, आणि आपण खातो वाटीने. या तीन मापांच्या गोंधळात तुलना करणं अवघड होऊन बसतं. फळांच्या चांगल्या दुकानातलं आइस्क्रीम कमी हवेचं, घट्ट असतं, ही त्याची खूण आणि अभिमानाची बाब. पण घट्ट म्हणजे त्याच आकाराच्या स्कूपमध्ये माल जास्त, आणि मालाबरोबर साखर आणि कॅलरीही जास्त. मटका कुल्फीलाही हेच लागू आहे. दूध आटवून केलेली, हवा नसलेली कुल्फी आकाराने लहान दिसते म्हणून निरुपद्रवी वाटते.

दुधाचा त्रास नको म्हणून सॉर्बेकडे वळणाऱ्यांची आणखी निराळी फसगत होते. सॉर्बे म्हणजे फळाचा रस किंवा गर, पाणी आणि साखर, स्निग्धांश शून्य. ‘लाइट’ म्हणून तो खपतो. पण मऊपणाला हातभार लावणारी साय आणि दुधातली प्रथिनं गेली की सगळा भार साखरेवर येतो, त्यामुळे चांगल्या सॉर्बेत एकूण साखर 25 ते 30 टक्क्यांवर जाते. चरबी टाळून साखर पत्करली, एवढाच तो सौदा. ‘नो ॲडेड शुगर’ लिहिलेल्या डब्यांतही गोठणाचं शास्त्र तेच, तेव्हा साखरेच्या जागी काहीतरी भरावंच लागतं: माल्टिटॉलसारखी शर्करामद्यं (जास्त झाली की पोट बिघडतं), माल्टोडेक्स्ट्रिन, किंवा खजुराची पेस्ट आणि फळांचा आटवलेला रस. शेवटच्या दोन्हींना साखर न म्हणण्याचं कारण फक्त जाहिरातीला माहीत. जांभळाचं आइस्क्रीम मधुमेहींना चालतं, ही समजूत तर सरळ धोक्याची. जांभळाबद्दल मधुमेहाच्या संदर्भात जे संशोधन झालं ते मुख्यतः बियांवर. आइस्क्रीममध्ये बी जात नाही, साखर जाते.

फळातली साखर ‘चांगली’ असते, हा आक्षेप जास्त विचार करायला लावणारा आहे. अखंड फळातली साखर पेशींच्या आत, तंतूंच्या कोंदणात असते. ती चावून खावी लागते, पोट भरतं आणि माणूस थांबतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली साखरेवर मर्यादा सुचवली तेव्हा अखंड फळांतली साखर मुद्दाम वगळली, पण फळांच्या रसातली आणि आटवलेल्या रसातली साखर ‘मोकळी’ म्हणून मर्यादेत धरली. प्रौढासाठी ती शक्यतो दिवसाला 25 ग्रॅमच्या आसपास असावी, म्हणजे सहा चमचे. दोन मध्यम स्कूपमध्ये यातले चार-पाच चमचे संपतात. गराचं काय? ब्रिटनमध्ये सरकारी व्याख्येत गुळगुळीत वाटलेल्या फळाची साखरही मोकळीच मानतात. मला ही व्याख्या जरा कडक वाटते. मिक्सरमध्ये फिरवल्याने तंतू नाहीसा होत नाही, गाळण्यातून गाळल्याने होतो. 100 ग्रॅम पेरूत पाच ग्रॅमहून जास्त तंतू आणि दोनशेच्या वर मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं. तो बियांसह वाटून गाळला की तंतूचा मोठा हिस्सा गाळणीत राहतो, न गाळता भुसभुशीत ठेवला तर तो पोटात जातो. तेव्हा फळ वाटलं आहे की गाळलं आहे, हा प्रश्न दुकानदाराला विचारण्यासारखा आहे.

यावर कुणीही म्हणेल, आइस्क्रीम कोण पोषणासाठी खातं? उन्हाळ्यात चौपाटीवर हातात कप घेतलेल्या माणसाला तंतूंचे ग्रॅम सांगणं म्हणजे अरसिकपणाच. हे मला मान्य आहे, आणि चॉकलेट आइस्क्रीमबद्दल असा लेख लिहिण्याची गरज नाही ती याचसाठी. फळाच्या बाबतीत मात्र विकणारा स्वतःच पोषणाची भाषा बोलतो: नैसर्गिक, खरं फळ, प्रिझर्व्हेटिव्हविरहित. यातला शेवटचा शब्द तर गमतीचा आहे, कारण उणे 18 अंशांत जिवाणू वाढत नाहीत, त्यामुळे कोणत्याच आइस्क्रीमला प्रिझर्व्हेटिव्हची फारशी गरज नसते. ज्याने दावा केला त्याला हिशेब विचारणं हा अरसिकपणा कसा? तो हिशेब मागण्याची सोयही आहे. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, तेव्हा साखर फळाच्या आधी आली तर साखर जास्त आहे. पुढच्या बाजूला आंब्याचं चित्र असेल तर आंब्याचा गर किती टक्के, हेही मागे सापडायला हवं. घातलेल्या साखरेचा आकडा वेगळा देण्याची अटही आहे. सुट्या स्कूपला मात्र ना पाकीट ना आकडा, आणि फळांची बहुतेक आइस्क्रीमं आपण खातो ती अशीच सुटी.

कमी साखरेत गोठवलेलं फळ हवंच असेल तर दुसऱ्या तटातल्या फळांकडे परतावं लागतं. घोलवडचे पिकलेले चिकू साल-बी काढून, फोडी करून गोठवायचे आणि खाण्याच्या दहा मिनिटं आधी बाहेर काढून थोडी साय किंवा नारळाचं दाट दूध घालून मिक्सरमधून फिरवायचे. 100 ग्रॅम चिकूत पाच ग्रॅमच्या वर तंतू आणि ऐंशीच्या आसपास कॅलरी असतात, त्यात सायीच्या दोन चमच्यांची भर. घातलेली साखर शून्य. केळं आणि सीताफळ यांचंही असंच जमतं, फणसाचा कापा गराही चालतो; आंबा थोडा पाणीदार, त्याला अर्ध्या केळ्याची जोड दिली की काम भागतं. या प्रकारात दोष एकच. उरलेलं परत फ्रीझरमध्ये ठेवलं तर दुसऱ्या दिवशी त्याचा दगड झालेला असतो, कारण महिनोन् महिने मऊ ठेवणारा पाक त्यात नाही. म्हणूनच हा पदार्थ डब्यात भरून विकता येत नाही. तो घरीच आणि खायच्या वेळीच करावा लागतो.